बाहुलीचें मोल

किंमत आणि मोल हे दोन शब्द बोलतांना आपण सहसा एकमेकांच्या जागीं वापरतों, आणि बहुतेक व्यवहारांत त्यामुळें कांहीं बिघडतही नाहीं. तांदुळाची किंमत काय आणि तांदुळाचें मोल काय, ह्या दोन प्रश्नांचें उत्तर बाजाराच्या दिवशीं एकच येतें. परंतु कांहीं वस्तु अशा आहेत कीं त्यांच्या बाबतींत हे दोन शब्द परस्परांकडे पाठ फिरवून उभे राहतात. मुलांचें खेळणें, आणि त्यांतही बाहुली, ही अशी एक वस्तु होय.

वसईंतील माझ्या एका प्राध्यापक मित्रांना खेळण्यांतल्या आधुनिक बाहुल्या जमविण्याचा छंद गेलीं वीस वर्षें आहे. प्रौढ पुरुषानें बाहुल्या जमवाव्या ह्याचें ज्यांना हसूं येतें, त्यांनीं इतकेंच ध्यानांत घ्यावें कीं पोस्टाचीं जुनीं तिकिटें जमविणाऱ्यालाही त्या तिकिटांवर कोणाला पत्र धाडावयाचें नसतें. छंद हा छंदच असतो. पाहावयाचें तें एवढेंच कीं त्यानें माणसाची दृष्टि सूक्ष्म झाली कीं नुसती हांव वाढली.

दृष्टीपुरतें बोलावयाचें तर ह्या मंडळींची परीक्षा खरोखरच कौतुक करण्यासारखी असते. बाहुली पुढें आली म्हणजे ते तिचा चेहरा पाहत नाहींत. आधीं तिला पालथी करतात. अमेरिकेंतील मॅटेल कंपनीची बार्बी १९५९ सालीं न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनांत प्रथम मांडली गेली, तेव्हां तिची किंमत तीन डॉलर होती. त्या पहिल्या वर्षाची, पेटीसकट शाबूत राहिलेली बाहुली आज हजारों डॉलरांस जाते. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकांत ती भारतांतच घडून, साडी नेसून दुकानांत आली. अशा पुष्कळ बाहुल्यांच्या पाठीखालीं १९६६ हा आंकडा उठविलेला असतो आणि तो पाहून नवशिका संग्राहक हरखून जातो. वस्तुतः तो आंकडा साच्यावरील हक्काचा आहे. त्या घडणीच्या बाहुल्या पुढें कित्येक वर्षें निघतच राहिल्या. बाहुलीच्या जन्माचें साल तिच्या पाठीवर नव्हे, तर तिच्या ओंठांच्या रंगांत, पापणीच्या रेघेंत आणि गुडघ्याच्या सांध्यांत वाचावें लागतें. केस डोक्यांत टोंचून बसविलेले आहेत कीं वर नुसते रंगविलेले आहेत, तेंही पाहावयाचें. जुन्या बार्बीच्या कानांतील धातूचें कर्णभूषण गंजून सभोवारचें प्लास्टिक हिरवें पडतें, आणि हा ‘हिरवा कान’ संग्राहकांत कुप्रसिद्ध आहे. प्लास्टिकला मऊपणा यावा म्हणून त्यांत घातलेलें तेलकट द्रव्य कालांतरानें पाझरून वर येतें व पाय चिकट होतात. उष्णतेनें हें लवकर घडतें, म्हणून माझ्या मित्रांचें कपाट घरांतील सर्वांत थंड भिंतीला आहे. त्यांचा स्वतःचा पलंग पश्चिमेच्या खिडकीखालीं आहे.

ह्या परीक्षेचा कळस मात्र विलक्षण आहे. जिच्याशीं कोणीही कधींही खेळलें नाहीं, जिची पेटी उघडलीच गेली नाहीं, ती बाहुली सर्वांत उत्तम. पेटी उघडली कीं किंमत उतरली, केस विंचरले कीं आणखी उतरली, आणि एखाद्या मुलीनें प्रेमानें तिचा झगा धुतला तर विचारूंच नये. तात्पर्य, जिनें आपलें काम केलें ती बाहुली हलकी, आणि जिनें कधींच केलें नाहीं ती भारी! हाच नियम आपण माणसांना लावला असता तर आमच्या शिक्षकी पेशांत कित्येकांची किंमत फार वाढली असती.

हा नियम सर्व संग्रहांना लागू आहे असें मात्र नाहीं. पुण्याच्या केळकर संग्रहालयांतील अडकित्ते आणि दिवे पाहावे. दिनकर केळकरांनीं अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव त्या संग्रहालयाला दिलें आणि १९७५ सालीं तें सरकारच्या स्वाधीन केलें. तेथें अडकित्त्याची धार झिजली आहे म्हणून कोणी नाक मुरडीत नाहीं. उलट त्या झिजेंतच आपण एखाद्या अज्ञात घराची सुपारी ऐकतों.

आणखी एक उदाहरण आमच्या दाराशींच आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हां दगडी पेटींत तांब्याचा करंडक, त्यांत चांदीचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा आणि सर्वांत आंत सोन्याचा, असे एकांत एक करंडक निघाले. सोन्याच्या करंडकांत होते मातीच्या भांड्याचे तेरा लहानसे तुकडे. तें भांडें बुद्धाचें भिक्षापात्र असल्याची श्रद्धा होती. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत आहेत. श्रद्धेच्या खरेपणाचा प्रश्न येथें बाजूस ठेवूं. ज्यांनीं ते करंडक केले, त्यांच्या मतें पेटी ही तुकड्यांसाठीं होती, आणि ते तुकडे थोर होते ते त्या पात्रांत कोणीतरी जेवला म्हणून. न वापरलेल्या नव्याकोऱ्या पात्रासाठीं एवढें सोनें कोणी वेंचलें नसतें. आमच्या मित्रांच्या शास्त्रांत पेटी राहिली, आणि जेवणारा गेला.

बाहुली ही आमच्या देशांत नवी वस्तु नव्हे. वात्स्यायनानें कामसूत्रांत सूत, लांकूड, शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ आणि माती ह्यांच्या बाहुल्या सांगितल्या आहेत, आणि त्यांना शब्द वापरला आहे ‘दुहितृका’, म्हणजे लहानशी लेक. आपल्या घरांतील ठकी ही त्यांतील लांकडी शाखेची. एका ठोकळ्यांतून कोरलेली, हात अंगाला चिकटलेले, डोळे रंगाच्या दोन ठिपक्यांचे. तिचा साचा नाहीं आणि तिच्या पाठीवर सालही नाहीं. तिची परीक्षा करावयाची तर रंग कोठें उडाला आहे तें पाहावें. पोटावरचा उडाला असेल तर ती कडेवर घेतली गेली. नाकावरचा उडाला असेल तर पाळण्यांतून वारंवार पडली. सावंतवाडीच्या लाख चढविलेल्या खेळण्यांचेंही असेंच आहे.

येथें एक भाबडेपणा टाळला पाहिजे. मुलाला किंमत कळत नाहीं, तें केवळ खेळ जाणतें, असें म्हणण्याची प्रथा आहे. शूद्रकाला हें मान्य नव्हतें. मृच्छकटिकांतील रोहसेन मातीची गाडी हातांत असूनही शेजाऱ्याच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठीं रडतो, आणि वसंतसेना कळवळून आपले दागिने त्या मातीच्या गाडींत घालते. तेच दागिने पुढें न्यायसभेंत चारुदत्ताविरुद्ध पुरावा होतात व त्याला वधस्तंभापर्यंत नेतात. किंमत बाहेरच्यांनींच खेळण्यांत आणली असें नाहीं; मुलानेंही ती मागितली होती.

आणि वरील सर्व परीक्षकांत मूल बाहुली तोंडांत घालणार हें गृहीत धरणारा एकच परीक्षक मला आढळला, आणि तो म्हणजे सरकार! १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानकाचें चिन्ह सक्तीचें झालें. नोंदणी झालेल्या कारागिरांच्या खेळण्यांस त्यांतून सूट आहे. वालीव-सातिवलीकडे प्लास्टिकचे साचे चालविणाऱ्यांना हा नियम कितपत रुचला असेल तो असो. पण त्यामागें एक खरीखुरी मुलगी उभी आहे, हें मानलें पाहिजे.

आतां ज्या प्रश्नासाठीं हें सारें लिहिलें तो असा. आगाशीकडील एका वाडींतलें जुनें घर इमारतीसाठीं पाडावयाचें होतें. घरांतील वृद्ध बाईंनीं माळ्यावरचें सामान काढलें. माझे मित्र तेथें गेले तेव्हां एका पत्र्याच्या पेटींत त्यांना एक ठकी आणि साडीतली एक प्लास्टिकची बाहुली मिळाली. बाईंनीं दोहोंचे पन्नास रुपये मागितले. दुसऱ्या संग्राहकानें ह्या जोडीचे कित्येक हजार सहज दिले असते, हें मित्रांना ठाऊक होतें आणि बाईंना नव्हतें. अशा वेळीं सज्जनानें काय करावें?

प्रश्न जुना आहे. सिसरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत तो जवळजवळ ह्याच स्वरूपांत घातला आहे : सोनें विकणारा तें पितळ समजून विकीत असेल, तर घेणाऱ्यानें त्याला सांगावें, कीं एका नाण्यांत हजार नाण्यांचा माल उचलावा? अशा प्रश्नांवर डायोजिनीस आणि अँटिपॅटर ह्या स्टोइक पंडितांचा वाद होता. पहिल्याचा रोख असा कीं सौद्यांत फसवूं नये, पण माहीत असलेलें सारें सांगण्याचें बंधन कोणावर नाहीं. दुसऱ्याचा असा कीं मनुष्यमात्राचें हित एक असल्यामुळें दडवून ठेवणें हाच अपराध. सिसरोचा कल दुसऱ्याकडे आहे. प्रत्येक मौन म्हणजे दडवणूक नव्हे, पण स्वतःच्या लाभासाठीं धरलेलें मौन ती होते, अशी त्याची मर्यादा आहे.

पहिल्या पक्षाला मी अगदींच टाकाऊ म्हणणार नाहीं. परीक्षा करण्याची विद्या फुकट येत नाहीं. माझ्या मित्रांनीं वीस वर्षें बाहुल्यांच्या पाठी वाचल्या आहेत. भंगारवाला किलोवर माल घेतो आणि किलोवर विकतो, त्याचा तो धंदा आहे, आणि कधीं त्याचाही डाव साधतो. पण त्या बाई व्यापारी नव्हत्या. शिवाय दुर्मीळपणा ही जी वस्तु मित्र विकत घेत होते, ती निर्माण कोणीं केली? ज्या हजारों मुलींनीं आपापल्या बाहुल्या खेळून मोडल्या, त्यांनीं. सर्वांनीं पेट्या मिटून ठेवल्या असत्या तर आज एकीलाही भाव आला नसता. न खेळलेल्या बाहुलीची किंमत ही खेळलेल्या बाहुल्यांकडून उसनी घेतलेली असते. तेव्हां त्या किंमतींत परीक्षकाच्या विद्येचा वांटा असला तरी सगळी किंमत त्या विद्येची आहे, हें म्हणणें मला पटत नाहीं. आणि समोरची वृद्धा ही कधींकाळची त्या खेळणाऱ्यांपैकींच एक.

मित्रांचा स्वतःपुरता एक नियम आहे. भंगारवाल्याशीं ते कांहीं बोलत नाहींत; घरवाल्याला मात्र अदमासें खरी किंमत सांगतात आणि तिच्या निम्मी देऊं करतात. निम्मीच कां, असें मीं विचारलें, तर ओळखण्याची मेहनत निम्म्याची, असें ते म्हणाले. हें गणित कोणत्या आधारावर बसविलें तें मला अद्याप समजलेलें नाहीं, आणि विरार गाडींत आमचा त्यावर अनेकदां वाद झाला आहे.

आगाशीच्या बाईंनाही त्यांनीं नियमाप्रमाणें आंकडा सांगितला. बाईंनीं तो दोनदां विचारून घेतला. प्लास्टिकची बाहुली त्यांनीं दिली. ठकी मात्र हातांत घेऊन उलटसुलट पाहिली आणि ‘मग असूं द्या ही, सर, नातीला होईल,’ असें म्हणून परत पेटींत ठेवली. ती त्यांनीं नातीसाठीं ठेवली कीं ऐकलेल्या किंमतीसाठीं, हें त्यांच्या बोलण्यावरून मित्रांना ठरवितां आलें नाहीं, आणि त्यांनीं सांगितलेल्या हकीकतीवरून मलाही आलेलें नाहीं.