रूममेट आपल्यातली मिळेल का?

॥ श्रीगुरवे नमः ॥



गुरुपौर्णिमा झाली की आपल्या भोपाळच्या घराघरांत दोनच विषय असतात. मुलाला कॉलेज कुठलं मिळालं आणि हॉस्टेल कसं आहे. कौन्सेलिंगच्या फेऱ्या संपतात, न्यू मार्केटमधून बादली, मग, गादी, कुलूप येतं आणि ग्रुपवर तो प्रश्न येतोच, "ताई, रूममेट आपल्यातली मिळेल का हो? तिथे कुणाची ओळख आहे का?" या आठवड्यात असे चार मेसेज आले. म्हणून आजचं चिंतन याच विषयावर.

आधी आमचीच चूक सांगतो.

गेल्या वर्षी आमची मुलगी भोपाळमध्येच एका निवासी कॉलेजात लागली. घर शहरात असलं तरी हॉस्टेल सक्तीचं. खोली दोघींची. दुसरी मुलगी केरळची. ती मासे खाते असं कळलं आणि आमच्या पोटात गोळाच आला. पहिल्याच दिवशी, त्या खोलीत उभं राहून आम्ही मुलीला म्हटलं, "वॉर्डनला अर्ज दे, रूम बदलून माग. आपले संस्कार टिकायला हवेत." मराठीत बोललो, म्हणजे तिला काय कळणार, अशी आमची समजूत. ती बिचारी आपली चादर घालत होती. 'संस्कार', 'रूम', 'वॉर्डन' हे शब्द कळायला मराठी कशाला लागते? काही न बोलता तिने आपली खाट भिंतीकडे सरकवली.

अर्ज मंजूर झाला नाही. पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. "आई, तिला दमा आहे गं. आपली उदबत्ती लावली की तिला खोकला येतो. मला बोलली नाही. धूर जाईपर्यंत बाहेर कॉरिडॉरमध्ये बसायची." तो उदबत्तीचा पुडा आम्हीच बॅगेत घातला होता. पहाटे पाचला जपाचा गजर लावायलाही आम्हीच सांगितलं होतं. गजर चार वेळा वाजायचा, ती मुलगी जागी व्हायची आणि आमची कन्या झोपलेली!

हे सगळं आम्ही गुरुदेवांच्या कानावर घातलं. वाटलं, धीर देतील. त्यांनी एवढंच विचारलं, *"खोलीत माणसं दोन. तुम्ही एकीचीच परीक्षा घेतली. दुसरीची कोण घेणार?"*

आमची मान खाली गेली.

संगतीचा परिणाम होतो असं आपण म्हणतो, आणि तो होतोच. पण संगत दोन्ही बाजूंनी असते. आपल्या मुलाला कशी संगत मिळेल याची काळजी प्रत्येक आई करते. आपलं मूल दुसऱ्याच्या मुलाला कशी संगत देईल, हे आपण किती जणी विचारतो?

आपल्यापासून साधारण १९० किलोमीटरवर उज्जैन आहे. तिथला सांदीपनी आश्रम आपण बहुतेकांनी पाहिला आहे. श्रीकृष्ण आणि सुदामा तिथे एकत्र शिकले. एक पुढे द्वारकेचा राजा, दुसरा दरिद्री ब्राह्मण. त्यांनी एकमेकांना निवडलं नव्हतं, गुरुगृहाने त्यांना एकत्र आणलं. भागवताच्या दशम स्कंधात त्यांच्या त्या रात्रीचं वर्णन आहे. सरपण आणायला गेले, वादळ-पाऊस आला, वाट चुकले आणि एकमेकांचा हात धरून रात्रभर रानात राहिले. लोक त्यात चण्यांची गोष्टही सांगतात. गुरुमातेने दोघांसाठी दिलेले चणे सुदामाने अंधारात एकट्यानेच खाल्ले आणि "थंडीने दात वाजताहेत" असं सांगितलं. म्हणजे डब्यातलं लपवून खाणारा रूममेट देवालाही मिळाला होता! पण देवाने काही खोली बदलून मागितली नाही. पुढे त्याच सुदामाचे पोहे प्रेमाने खाल्ले.

दुसरं उदाहरण आपल्या साताऱ्याचं. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरला शिकताना जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, म्हणून परत आल्यावर "आंघोळ करून मगच आत या" असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. "माझ्या मुलाशेजारी कोण झोपणार" असं त्या विचारत बसल्या असत्या तर?

आजची हॉस्टेलं अशीच मिश्र आहेत. आपल्या मॅनिटसारख्या एनआयटीत साधारण निम्म्या जागा राज्यातल्या मुलांना, निम्म्या बाहेरच्यांना. पहिल्या वर्षी खोली बहुतेक ठिकाणी कॉलेजच ठरवतं. तेव्हा निवड आपल्या हातात थोडी, वागणं मात्र पूर्ण आपल्या हातात.

मग काय करायचं? मुलांना पाठवताना एवढं सांगूया:

१. पहिल्या आठवड्यातच रूममेटशी शांतपणे बोलून घे. दिवा किती वाजता बंद, गजर, फोन, पाहुणे, साफसफाई. आणि आधी विचार, "माझ्या कशाचा तुला त्रास होतो का?"

२. जपाला उदबत्ती, घंटा लागत नाही. नाम मनात घेता येतं.

३. तिच्या ताटात काय आहे ते पाहू नकोस. ती जेवली का, ते पाहा.

आणि आपल्या मुलांच्या देखत रूममेटच्या जातीची, जेवणाची, प्रांताची चौकशी आपण करू नये. मुलं ती लगेच शिकतात.

एक मात्र नीट लक्षात घ्या. सहन करणं वेगळं आणि अन्याय सोसणं वेगळं. सवयी जुळत नाहीत, ही अडचण. ती बोलून सुटते. पण रॅगिंग, मारहाण, नशा, घाणेरडी भाषा किंवा जबरदस्ती असेल तर गप्प राहणं ही साधना नव्हे. यूजीसीचे २००९ चे नियम आहेत. नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या हॉस्टेल ब्लॉकमध्ये ठेवायचं, असंही त्यात आहे. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ मुलाच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या. मूल मनाने खचलं असेल तर टेली-मानस १४४१६. आणि मुलाने "आई, मला इथे राहवत नाही" म्हटलं, तर आधी ऐकून घ्या, उपदेश नंतर.

गणपतीत आम्ही त्या मुलीला घरी बोलावलं. मोदक वाढताना त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "आंटी, मेरी मम्मी ने भी फोन पे यही पूछा था, लड़की कैसी है।" दोघी हसल्या, आमचे मात्र डोळे भरले. त्या जिवलग मैत्रिणी झाल्या असं सांगणार नाही. यंदा दोघींनी वेगवेगळ्या खोल्या घेतल्या आहेत. पण कुणाला बरं नसलं की दुसरी मेसमधून ताट घेऊन जाते. आम्हाला एवढं पुरेसं आहे.

तेव्हा यंदा देवापुढे "चांगला रूममेट मिळू दे" असं मागताना एक मागणं वाढवूया. *आमचं मूलही कुणाला तरी चांगला रूममेट म्हणून मिळू दे.*

चूकभूल गुरुचरणी. ज्यांच्या घरून यंदा मूल हॉस्टेलला निघालंय त्यांच्यापर्यंत हा मेसेज जरूर पोचवा.

जय गुरुदेव 🙏
– सेवेकरी भगिनी, भोपाळ