रिकाम्या कपाटाचे वर्ष

एफसी गोवा या संघाचे तीन हंगाम शेजारी शेजारी मांडून पाहावेत. २०१५ मध्ये हा संघ इंडियन सुपर लीगच्या गुणतालिकेत पहिला आला आणि अंतिम सामन्यात पोहोचला. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, घरच्या प्रेक्षकांसमोर, ८७व्या मिनिटाला त्याने चेन्नईयिनवर २-१ अशी आघाडी घेतली आणि सामना संपला तेव्हा तो ३-२ असा हरला होता. २०१६ मध्ये हाच संघ आठ संघांत आठवा आला. मग नवा प्रशिक्षक आला, जवळजवळ नवा संघ उभा राहिला, आणि २०१७-१८ मध्ये गोवा तिसऱ्या क्रमांकावर राहून उपांत्य फेरीत पुन्हा चेन्नईयिनकडूनच बाद झाला. दोन सामन्यांची बेरीज होती १-४.

तिन्ही वर्षी करंडकांचे कपाट रिकामेच राहिले. तरीही यांतला यशस्वी हंगाम कोणता, असे विचारले तर बहुतेक जण २०१५ कडे बोट दाखवतील. पहिला क्रमांक, अंतिम सामना आणि विजेतेपद तीन मिनिटांवर. माझे उत्तर २०१७-१८ असे आहे, आणि ते केवळ आवडीपोटी दिलेले नाही. नव्याने उभ्या राहणाऱ्या संघाचे वर्ष कशाने मोजावे, हा प्रश्न फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. त्याचे उत्तर शोधायला गोव्याच्या या पाच-सहा वर्षांइतके चांगले उदाहरण आपल्या आसपास दुसरे नाही.

२०१५ चे यश एका वर्षात का विरले, हे आधी पाहिले पाहिजे. तेव्हा या लीगचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात संपत असे. साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला १४ सामने यायचे. खेळाडू जमवायचे, तीन महिने खेळवायचे आणि पांगायचे, असा तो मामला होता. अशा वेळापत्रकात संघ जमतो, पण मुरत नाही. दोन्ही वर्षी प्रशिक्षक झिकोच होते. ब्राझीलच्या या महान खेळाडूची जाण २०१५ मध्ये होती तेवढीच २०१६ मध्येही होती. तरी पहिला संघ शेवटचा झाला, कारण पहिल्या वर्षी जे जमून आले त्यातले दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवण्याजोगे फारसे काही नव्हते. जमून येणे ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यावर पुढच्या वर्षाचा हिशेब मांडता येत नाही.

२०१७-१८ पासून चित्र बदलले. संघ आठाचे दहा झाले, साखळीतले सामने १८ झाले आणि हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा लांबला. मैदानावर किमान सहा भारतीय खेळाडू असलेच पाहिजेत, असा नियम आला. आता घाईघाईने जमवलेल्या संघाचे भागणार नव्हते. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या मुशीतून आलेले सर्जिओ लोबेरा गोव्याचे प्रशिक्षक झाले. चेंडू आपल्या पायात ठेवायचा, गोलरक्षकापासून छोट्या पासांनी खेळ उभा करायचा आणि सतत पुढे सरकत राहायचे, हा त्यांचा आग्रह होता.

तो पहिला हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यातली धाकधूक आठवत असेल. गोव्याने बेंगळुरूला ४-३ असे हरवले, त्यानंतरच्या सामन्यात केरळा ब्लास्टर्सला ५-२ असे. फेरान कोरोमिनास म्हणजे सगळ्यांचा कोरो, त्याने या लागोपाठच्या दोन्ही सामन्यांत हॅटट्रिक केली. साखळीत गोव्याने ४२ गोल केले, इतके दुसऱ्या कुणीच केले नव्हते. आणि २८ खाल्लेही. गोलरक्षक पायाने चेंडू खेळवायला लागला की छातीत धस्स व्हायचे. एखादा पास चुकायचा, समोरच्याला आयता गोल मिळायचा, आणि ‘लांब मारून टाका ना एकदाचा’ असे ओरडावेसे वाटायचे. पण पुढच्या वेळी चेंडू गोलरक्षकाकडे आला की तो पुन्हा छोटाच पास द्यायचा. चूक झाली म्हणून विचार सोडला जात नव्हता. त्या वर्षाची खरी कमाई मला यात दिसते. गुणतालिकेत तिची नोंद कुठेच नाही.

यातून पहिली कसोटी हाती येते. हंगामाच्या अखेरीस, जर्सीचा रंग न पाहता, नुसत्या खेळावरून तो संघ ओळखू येतो का? २०१६ चा गोवा तसा ओळखता आला नसता. २०१८ चा पाच मिनिटांत ओळखता येत होता.

दुसरी कसोटी पुढच्या वर्षी लागते. २०१८-१९ मध्ये गोव्याने ३६ गोल केले आणि खाल्ले फक्त २०. गळती बुजवण्यासाठी खेळ बदलला नव्हता. त्याच खेळात राहून ती बुजवली होती. ३४ गुण मिळवून संघ बेंगळुरूच्या बरोबरीने राहिला आणि आपसांतल्या सामन्यांच्या हिशेबात दुसरा आला. नव्या संघाच्या पहिल्या वर्षात चुका होणारच. त्या मोजण्यापेक्षा दुसऱ्या वर्षी त्याच चुका पुन्हा होतात की नव्या होतात, हे पाहावे. नव्या चुका करणारा संघ पुढे निघालेला असतो.

तिसरी कसोटी खेळाडूंची. म्हापशाचा मंदार राव देसाई पहिल्या हंगामापासून, २०१४ पासून, या संघात होता. मुळात तो डाव्या बाजूने धावणारा विंगर. लोबेरांनी त्याला मागे आणून लेफ्ट बॅक केले. जागा बदलली की बऱ्याच खेळाडूंचा उत्साह मावळतो. मंदारचा खेळ त्या जागी फुलला. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस २०१७ मध्ये संघात आला आणि मध्यरक्षणाची सूत्रे हळूहळू त्याच्या पायांत आली. २०१९ साली हे दोघेही भारतीय संघात होते. विकत आणलेल्या परदेशी खेळाडूने गोल करणे आणि घरच्या मुलाने आदल्या वर्षापेक्षा चांगले खेळणे या दोन्ही गोष्टी संघाला हव्याच असतात. पण संघबांधणी झाली असे म्हणायचे तर दुसरी गोष्ट घडावीच लागते. ज्या गोव्याने धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स असे क्लब देशाला दिले, ज्या गोव्याच्या आर्मांदो कुलासोंनी धेंपोला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, तिथल्या प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मार्च २०१९ मध्ये गोवा अंतिम सामन्यात पोहोचला. सामना मुंबईत, समोर बेंगळुरू. गोव्याचा अहमद जाहू लाल कार्ड मिळून बाहेर गेला आणि ११७व्या मिनिटाला, पेनल्टींना तीन मिनिटे उरलेली असताना, बेंगळुरूच्या राहुल भेके या मुंबईकर बचावपटूने हेडरने गोल केला. ०-१. म्हणजे २०१५ प्रमाणेच अंतिम सामना, तसाच शेवटच्या क्षणी हातून गेलेला. पण यावेळी पुढचे वेगळे घडले. महिना उलटायच्या आत हाच संघ भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात उतरला आणि चेन्नईयिनला, होय, त्याच चेन्नईयिनला, २-१ असे हरवून क्लबचा पहिला मोठा करंडक घेऊन घरी आला. २०१५ च्या पराभवाने संघ मोडला होता. २०१९ च्या पराभवानंतर तो चार आठवड्यांत उभा राहिला. या दोन्हींमधला फरक कुठे तयार झाला, असे विचाराल तर मी पुन्हा त्या करंडकाविना गेलेल्या २०१७-१८ कडेच बोट दाखवीन.

आणि मग या साऱ्या बांधकामाची खरी परीक्षा झाली. २०१९-२० च्या हंगामात साखळीतले तीन सामने उरले होते, गोवा अग्रस्थानी होता आणि क्लबने लोबेरांना निरोप दिला. संघ ढासळायला याहून मोठे निमित्त नको. सूत्रे क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माजी खेळाडूकडे आली. उरलेले तिन्ही सामने गोव्याने जिंकले: हैदराबादवर ४-१, मुंबईवर ५-२, जमशेदपूरवर ५-०. साखळीतल्या अव्वल संघाला मिळणारी शील्ड त्या वर्षीच सुरू झाली होती. ती गोव्याने ३९ गुणांनी जिंकली. तिच्यासोबत एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळण्याचा मान मिळाला, जो याआधी एकाही भारतीय क्लबला मिळाला नव्हता. खेळ प्रशिक्षकाच्या फळ्यावरून खेळाडूंच्या पायांत उतरला होता आणि म्हणून प्रशिक्षक गेल्यावरही तो मैदानावर राहिला. तीन वर्षांच्या कष्टांना याहून मोठी पावती मला माहीत नाही.

इथेच थांबलो तर ही गोष्ट फार सोपी होईल. त्याच २०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले. गोव्याचे मूर्तादा फाल, जाहू, ह्यूगो बूमूस आणि मंदारही तिकडे गेले. पुढच्याच हंगामात मुंबईने शील्डही जिंकली आणि लीगचा करंडकही. वाटेत उपांत्य फेरीत त्यांनी गोव्यालाच पेनल्टींवर हरवले. करोनामुळे तो सारा हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवला गेला. त्यामुळे मुंबईने तो करंडक उंचावला तो फातोर्ड्यालाच, जिथे त्या खेळाची पहिली अडखळती पावले पडली होती. मुंबईचे कौतुक कमी करण्याचे कारण नाही. चांगले काय आहे ते ओळखणे आणि त्याला हवे ते देणे यालाही दृष्टी लागते. पण गोव्याने यातून शिकायचे ते स्पष्ट आहे. बांधणी एक काम आहे आणि बांधलेले राखणे दुसरे. पहिले प्रशिक्षक आणि खेळाडू करतात, दुसरे क्लबला करावे लागते.

करंडकाने डोळे कसे दिपतात याचेही उदाहरण याच क्लबने पुढे दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये गोव्याने ड्युरँड कप जिंकला. कपाट भरले. त्याच हंगामात प्रशिक्षक हुआन फेरांदो मध्येच क्लब सोडून गेले आणि लीगमध्ये गोवा अकरा संघांत नववा आला. कपाटाकडे पाहिले तर ते वर्ष २०१७-१८ पेक्षा सरस ठरेल. ज्याने दोन्ही वर्षी संघाचा खेळ पाहिला, तो असे म्हणणार नाही.

एका धोक्याबद्दल मात्र सावध राहायला हवे. ‘आम्ही संघ बांधतो आहोत’ हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येते आणि ते आसरा म्हणूनही वापरले जाते. हरलो, बांधतो आहोत. पुन्हा हरलो, अजून बांधतोच आहोत. खालच्या क्रमांकावर आल्यास लीगबाहेर जाण्याची भीती नसलेल्या स्पर्धेत तर हा आसरा वर्षानुवर्षे टिकू शकतो. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देतो, कामावरून थेट स्टेडियम गाठतो, रात्री उशिरा घरी पोहोचतो. त्याने किती वर्षे धीर धरायचा? माझे म्हणणे असे की, बांधणीच्या वर्षात संयम मागणाऱ्याने हिशेबही द्यावा. हंगाम सुरू होण्याआधी सांगावे: या वर्षी आम्हाला हे शिकायचे आहे, या तीन मुलांना इतके सामने द्यायचे आहेत, ही एक कमतरता भरून काढायची आहे. आणि हंगाम संपल्यावर त्याच यादीवर बोट ठेवून उत्तर द्यावे. करंडक मागू नये हे मान्य. पण कशाचेच काही मागू नये, असे म्हणणाऱ्याने संघ बांधायला घेतलेलाच नसतो.

आपण प्रेक्षकांनीही स्वतःला एक सवय लावायला हवी. हंगाम संपला की ‘काय जिंकलो?’ हा प्रश्न आपोआप ओठांवर येतो, आणि तो येणारच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: मागच्या वर्षी पडलेला कोणता प्रश्न आता पुन्हा विचारावा लागणार नाही? २०१८ च्या मार्चमध्ये गोव्याच्या चाहत्याकडे याचे उत्तर होते. आपला संघ खेळतो कसा, हा प्रश्न मिटला होता. २०१९ मध्ये बचावाचा मिटला. २०२० मध्ये प्रशिक्षकाविना काय होईल याचाही मिटला. दर वर्षी एक प्रश्न कायमचा मिटवणारा संघ करंडकापर्यंत पोहोचतो, आणि नाही पोहोचला तरी त्याची वाट चुकलेली नसते.

एप्रिल २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचे गोव्याचे सामने फातोर्ड्यालाच झाले. संघ बराच बदललेला होता, गॅलऱ्या रिकाम्या होत्या. समोर इराणचा पर्सेपोलिस, आदल्या वर्षीचा आशियाई उपविजेता. गोव्याच्या एदू बेदियाने हेडरने गोल केला. त्या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबने केलेला तो पहिला गोल. सामना गोवा १-२ असा हरला. सहा सामन्यांत एकही विजय मिळाला नाही, तीन बरोबऱ्यांचे तीन गुण मिळाले. या गोलापर्यंतचा रस्ता मागे जात जात ज्या हंगामापाशी पोहोचतो, त्या हंगामाने गोव्याच्या कपाटात काहीही ठेवले नव्हते. मी त्याला यशस्वी हंगाम म्हणतो.