सोळावें वर्ष आणि मताधिकार

मताधिकाराची वयोमर्यादा खालीं आणावी कीं काय, हा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या नंदुरबारांत शिरीषकुमार मेहता यांचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं येथील मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत पांच जण हुतात्मे झाले. शिरीषकुमारांचें सोळावें वर्ष तेव्हां पुरें झालें नव्हतें. ज्या वयांत देशासाठीं मरतां येतें, त्या वयांत मत कां देतां येऊं नये, असा सवाल त्यावरून केला जातो.

हा सवाल हृदयाला भिडतो, परंतु विचाराच्या कसोटीला उतरत नाहीं. हौतात्म्यास धैर्य लागतें. मतदानास तारतम्य लागतें. शिवाय मताधिकार हें शौर्याचें पारितोषिक मानलें, तर तुमच्याआमच्यापैकीं बहुतेकांना तो गमवावा लागेल.

तर मग मताधिकार कशासाठीं? ज्याच्यावर कायद्याचा भार पडतो, त्याला त्या भाराविषयीं बोलतां यावें, एवढ्यासाठींच. १९३५ च्या कायद्यानें हा अधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांवर अवलंबून ठेवला होता. बहुसंख्य प्रौढ त्यास मुकले होते. स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनीं मात्र साक्षर-निरक्षर असा भेद न करतां २१ वर्षांच्या प्रत्येक नागरिकास मत दिलें. पुढें एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें १९८९ सालीं ही मर्यादा १८ वर आली.

आतां याच कसोटीवर आजचा सोळा वर्षांचा मुलगा पाहावा. धडगांव-अक्कलकुव्याकडील कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात. मुलांची शाळा मागें राहते. चौदा वर्षें पुरीं झालीं कीं धोक्याचीं कामें वगळून इतर मजुरी करण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें सोळा वर्षांवरील मुलावर घोर अपराधाबद्दल, प्राथमिक चौकशीनंतर, प्रौढाप्रमाणें खटला चालूं शकतो. म्हणजे मजुरीस तो मोठा, शिक्षेस मोठा. बोलावयाची वेळ आली कीं मात्र लहान! हा न्याय नव्हे.

यावर कोणी म्हणेल, असा मुलगा बाप सांगेल तिकडेच मत देईल. स्त्रियांच्या मताविषयीं हाच आक्षेप नवऱ्याचें नांव घेऊन एके काळीं घेतला जात असे. त्याचें उत्तर त्यांनीं मतदान करूनच दिलें. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बालविवाहाची चाल जेथें अद्याप मोडलेली नाहीं, तेथें ‘मत देण्याइतकी मोठी झालीस, मग लग्नास हरकत कसली?’ असें मुलीला ऐकावें लागेल. ही भीति मला खोटी वाटत नाहीं. परंतु अधिकार देणें म्हणजे संरक्षण काढून घेणें नव्हे. पुरुषास मत अठराव्या वर्षीं मिळतें, विवाहास मात्र एकवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात. यांत कोणास विसंगति दिसत नाहीं. मुलीच्या बाबतींतही विवाहाची मर्यादा अढळ ठेवून मताची मर्यादा खालीं आणतां येईल.

तथापि एकदम लोकसभेपर्यंत जाण्याची घाई नको. ऑस्ट्रियानें २००७ सालीं राष्ट्रीय निवडणुकींतही सोळाव्या वर्षीं मत दिलें. आपण ग्रामसभेपासून आरंभ करावा. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. पण तिचें सभासदत्व मतदार यादीवरून ठरतें, म्हणून अठराच्या आंतील कोणास तेथें मत नाहीं. शाळा, पाणी, रस्ता, रोजगार यांचे बरेवाईट परिणाम ज्या मुलामुलींना सर्वांहून अधिक काळ भोगावयाचे आहेत, त्यांना त्या सभेंत हात वर करूं द्यावा. त्यांतील कांहीं चुकतील. वडील माणसेंही चुकतात. गांवच्या कामांतील चूक गांवांतच दिसते आणि पुढील सभेंत सुधारतां येते. तारतम्य शिकण्यास याहून चांगली शाळा मला तरी ठाऊक नाहीं.