नाव एकाकडे, हात दुसऱ्याकडे

एखाद्या वस्तूवर माणसाचे प्रेम जडते, तेव्हा ते नेमके कशावर जडलेले असते? तिच्या नावावर, तिच्या घडणीवर, ती घडविणाऱ्या हातांवर, की ती हाती आली त्या वेळच्या आपल्या स्वतःच्या वयावर? प्रश्न जुना आहे. थिसिअसची नौका अथेन्सवासीयांनी जतन केली, एकेक फळी कुजली की तिच्या जागी नवी बसविली, आणि ही नौका तीच की दुसरी याविषयी तत्त्वज्ञ वाद घालीत राहिले, असे प्लूटार्क सांगतो. सेमिनरीत आम्हीही तो वाद पुष्कळ रंगविला आणि जेवणाची घंटा झाली की विसरून गेलो. आज मात्र त्याच प्रश्नाचे एक असे उदाहरण समोर आहे की, ज्यात हजारो माणसांचे जिवंत प्रेम गुंतले आहे आणि पैसाही. ते उदाहरण संगणकावरील एका खेळाचे आहे. ज्येष्ठ वाचकांनी एवढ्यावरच पान उलटू नये. त्यांच्या घरातील एखादा नातू हा खेळ ओळखत असण्याचा संभव आहे.

2006 च्या जूनमध्ये 'टायटन क्वेस्ट' हा खेळ बाजारात आला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील आयर्न लोअर या संस्थेने तो घडविला व टीएचक्यू या कंपनीने प्रकाशित केला. कथा 'ब्रेव्हहार्ट' चित्रपटाचे पटकथाकार रँडल वॉलेस यांची होती. खेळाडू प्राचीन ग्रीसमध्ये पाऊल ठेवतो, तेथून इजिप्त, बाबेल आणि रेशीममार्गाने थेट चीनपर्यंत चालत जातो. वाटेत पुराणकथांतील राक्षसांशी झुंजावे, त्यांच्याकडील शस्त्रे-आभूषणे गोळा करावीत आणि बळ वाढवीत जावे, असा हा प्रकार. त्याला ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. 2000 साली आलेल्या 'डायब्लो 2' ने ही वाट रुंद केली होती. म्हणजे 'टायटन क्वेस्ट' हेदेखील आधीच्या एका प्रेमाचेच अपत्य होय.

या खेळाचे मर्म आम्हांला आमच्या धर्मग्रामातील एका युवकाने समजावून दिले. खेळात आठ विद्या होत्या: युद्ध, संरक्षण, मृगया, वादळ, भूमी, निसर्ग इत्यादी. पहिली विद्या लवकर निवडायची आणि दुसरी थोडा अनुभव गाठीशी आल्यावर. मग दोहोंच्या संयोगातून आपला नायक घडवायचा. आठांतून दोन निवडण्याचे अठ्ठावीस मार्ग होतात. 2007 च्या पुरवणीत स्वप्नविद्येची भर पडली आणि ते छत्तीस झाले. वादळाला निसर्गाची जोड द्यावी की भूमीची, यावर मित्रामित्रांत रात्री सरत. या रात्री अभ्यासातून चोरलेल्या असत, ही पालकांची तक्रार आम्हांला ठाऊक आहे आणि ती रास्तही आहे. परंतु आजचा विषय तो नव्हे.

2008 च्या फेब्रुवारीत आयर्न लोअर बंद पडली. पुढील कामासाठी भांडवल मिळाले नाही. प्रकाशक कंपनीतील एका अधिकाऱ्याने त्या वेळी जाहीरपणे सांगितलेली एक गोष्ट नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. खेळाच्या चोरट्या प्रती आधीच पसरल्या होत्या. त्यांतील सुरक्षा-तपासणी नीट उखडली गेली नव्हती, म्हणून त्या प्रती ठरावीक ठिकाणी बंद पडत. आणि ज्यांनी खेळ चोरला, तेच तो सदोष असल्याची हाकाटी करीत सुटले. चोराने चोरलेल्या मालाची निंदा करावी, यापरता विनोद कोणता?

यानंतर वारशाला दोन फाटे फुटले.

पहिला फाटा हातांचा. आर्थर ब्रुनो आणि आयर्न लोअरमधील काही सहकारी यांनी क्रेट एंटरटेनमेंट ही संस्था काढली. जुन्या खेळाचे इंजिन, म्हणजे ज्या यंत्रणेवर तो चाले ती, त्यांनी परवान्याने मिळविली. नाव मात्र त्यांचे नव्हते. त्यांनी नव्या खेळाला 'ग्रिम डॉन' असे नाव दिले. 2012 मध्ये त्यांनी लोकांपुढे हात पसरून 2,80,000 डॉलर मागितले. चौदा हजारांहून अधिक माणसांनी मिळून पाच लाखांहून जास्त दिले. पूर्ण खेळ 2016 च्या फेब्रुवारीत हाती पडला. ग्रीसचे ऊन तेथे नाही. उद्ध्वस्त झालेले, अंधारलेले जग आहे आणि नायकाची पहिली भेट होते तीच फासाच्या दोरापाशी. परंतु विद्या निवडायच्या त्या दोनच!

दुसरा फाटा नावाचा. 2012 च्या डिसेंबरात टीएचक्यूने दिवाळखोरी जाहीर केली, 2013 मध्ये तिच्या मालमत्तेचा लिलाव झाला आणि 'टायटन क्वेस्ट' हे नाव व्हिएन्नातील नॉर्डिक गेम्सकडे गेले. पुढे या कंपनीने मृत टीएचक्यूचे नावही विकत घेऊन आपल्या नावापुढे लावले. 2023 मध्ये तिने 'टायटन क्वेस्ट 2' ची घोषणा केली. काम म्युनिकच्या ग्रिमलोअर गेम्सकडे सोपविले आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तो अपूर्णावस्थेतच, तसे स्पष्ट सांगून, विक्रीस ठेवला.

आता खरा वारसदार कोण? आमच्या रंगभूमीलाही हा प्रसंग अपरिचित नाही. 1913 साली बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. नाव मागे राहिले आणि गाणे गंधर्व मंडळीत गेले. प्रेक्षक कोठे गेले हे सांगावयास नकोच.

न्यायाची भूक असलेले मन प्रथम हातांच्या बाजूने झुकते. लिलावात विकले गेले ते काय, असा प्रश्न पडतो. कागद विकला गेला, अधिकार विकला गेला. पण त्या कागदाला जी किंमत आली, ती परक्या माणसांच्या अंतःकरणातील ओढीमुळे. अठ्ठावीस मार्गांवर वाद घालणाऱ्या त्या मुलांना कोणी विचारले नाही आणि त्यांची माया मात्र हातोड्याखाली गेली. यात काहीतरी बोचते, हे आम्ही नाकारीत नाही.

पण एवढ्यावर निकाल देणे उतावळेपणाचे होईल. नावाच्या नव्या मालकाने जुन्या खेळाची आबाळ केली नाही. 2016 मध्ये त्याने तो दुरुस्त करून नव्याने काढला आणि स्टीम या विक्रीकेंद्रावर ज्यांच्यापाशी जुनी प्रत होती, त्यांना ही आवृत्ती विनामूल्य दिली. 2017, 2019 आणि 2021 मध्ये नवे भाग जोडले. मूळ निर्माते ज्याला इच्छा असूनही हात लावू शकत नव्हते, ते घर परक्याने झाडून-पुसून राहते ठेवले. मालकी आणि जबाबदारी एकत्र नांदली, तर विकत घेतलेले नावही प्रामाणिकपणे चालविता येते.

ॲरिस्टॉटलची परिभाषा वापरायची, तर फळ्या हे द्रव्य आणि नौकापण हा तिचा आकार. वस्तूचे सातत्य आकारात असते, असे आम्हांला शिकविले गेले. पण 'ग्रिम डॉन'ने यंत्रणाही घेतली आणि दोन विद्यांचा आकारही. दुसऱ्याने ग्रीस घेतले, नाव घेतले. आकार एकच असता, तर तो दोन घरी कसा राहिला? आम्हांला वाटते, प्रेमाला मुळात एकच वस्तू दिसत होती. तिच्यात किती वस्तू होत्या, हे ती मोडल्यावर कळले. कोणी दोन विद्यांच्या जोडणीवर प्रेम करीत होता, तर कोणी इजिप्तच्या वाळवंटावर.

आणि एक तिसरा प्रेमिकही असतो, ज्याची आम्हांला अधिक काळजी वाटते. 2006 साली जो चौदा वर्षांचा होता, तो आज संसारी गृहस्थ आहे. तो नवा खेळ उघडतो, तासाभरात मिटतो आणि म्हणतो, "ती मजा नाही." त्याला हवी आहे ती मे महिन्याची सुटी, शेजारच्या खुर्चीवर बसलेला आणि आता परदेशी गेलेला मित्र, स्वयंपाकघरातून येणारी आईची हाक. ते म्युनिकमध्ये कोण घडविणार? तरीही तो पैसे देतो, कारागिरांवर रागावतो आणि त्यांच्या कामातील चांगले ते पाहावयाचे राहून जाते. हा कारागिरांवर अन्याय आहे. बापाचा चेहरा शोधताना आपण मुलाला धड पाहिलेच नाही, तर दोष मुलाचा कसा?

ज्या युवकाने आम्हांला हे सारे शिकविले, त्याने दोन्ही घरांचे खेळ विकत घेतले आहेत. कोणता खरा, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "फादर, जर्मनीवाल्यांच्या खेळात अजून सगळ्या विद्या यायच्या आहेत, पण दोन जोडायची सोय त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. आधी वादळ घेतो, दुसरीचे पाहू."