मुलांच्या देहाची अमानत

ज्या अल्लाहने मातीपासून मानवाची निर्मिती केली, त्याला सुडौल देह, पाहणारे डोळे आणि चालणारी पावले बहाल केली, त्याची आम्ही स्तुती करतो, आणि त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्यावर दरूद व सलाम पाठवितो.

बंधू-भगिनींनो,

आपल्या मराठी भाषेत 'तालीम' हा एक विलक्षण शब्द आहे. मूळ अरबी 'तअलीम' म्हणजे शिक्षण. उर्दूतही त्याचा हाच अर्थ आहे. मराठीत मात्र या शब्दाने आखाड्याची माती अंगाला लावून घेतली. कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी उभ्या आहेत आणि तेथे डाव शिकविणारा जो 'वस्ताद', तो आपला 'उस्ताद'च होय. 'कसरत' अरबीतून आली. 'पैलवान' आणि 'जोर' फारसीतून आले. शब्दांचा हा प्रवास एक गोष्ट सांगून जातो: देहाला वळण लावणे हेही शिक्षणच आहे, असे या भूमीतील लोकांनी मानले होते. आज आपण या एका शब्दाची दोन शकले केली आहेत. पुस्तकापुढे बसणे म्हणजे शिक्षण आणि मैदानावर धावणे म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी आपली समजूत झाली आहे.

आपल्या मुलाचा दिवस एकदा डोळ्यांसमोर आणा. सकाळी तो रिक्षाने शाळेत जातो. शाळेत खेळाचा तास असतो, पण परीक्षा जवळ आली की तोच तास गणिताला दिला जातो. दुपारी शिकवणी, सायंकाळी मकतब, रात्री गृहपाठ आणि उरलेला वेळ मोबाइल. दिवसभरात अंगाला घाम येईल असे एकही काम त्याला नसते. मुलगा शांत बसतो म्हणून आईवडील समाधान मानतात. पण बालकाचे इतके शांत बसणे हे समाधानाचे नव्हे, काळजीचे लक्षण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान 60 मिनिटे, श्वासाची गती वाढेल अशी हालचाल केली पाहिजे आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे श्रम केले पाहिजेत. त्याच संघटनेच्या संशोधकांनी 2016 पर्यंतच्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष असा की, जगातील 11 ते 17 वयोगटातील शाळकरी मुलांपैकी सुमारे 81 टक्के मुले एवढीही हालचाल करीत नाहीत; आणि यात मुलींचे प्रमाण मुलांहून अधिक आहे. पाचांपैकी चार मुले! आपल्या मोहल्ल्यातील मुले त्या पाचव्या मुलात मोडतात, असे आपण छातीठोकपणे म्हणू शकतो का?

इस्लामची या बाबतीतील शिकवण स्पष्ट आहे. देह आपल्या मालकीचा नाही. तो अल्लाहची अमानत आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दररोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना थांबविले आणि शरीराचाही त्यांच्यावर हक्क असल्याची जाणीव करून दिली. उपासनेसाठीसुद्धा जो हक्क बुडविता येत नाही, तो शिकवणीसाठी कसा बुडविता येईल? सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, दोन्ही प्रकारच्या श्रद्धावंतांत भलाई आहे; तरीही दुर्बल श्रद्धावंतापेक्षा सशक्त श्रद्धावंत अल्लाहला अधिक प्रिय आहे. कुरआनात तालूत यांची राजा म्हणून निवड झाल्याचा वृत्तांत आहे. तेथे त्यांची पात्रता सांगताना ज्ञान आणि देहसामर्थ्य या दोहोंचा उल्लेख एकत्र आला आहे. अल्लाहने ज्यांना एकत्र ठेवले, त्यांची फारकत आपण का करावी?

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की कुरआनने ऐहिक जीवनाला खेळ-तमाशा म्हटले आहे, मग मुलांना खेळाकडे कशाला वळवायचे? आदरपूर्वक सांगावेसे वाटते की, ज्यांनी संपूर्ण आयुष्याचाच खेळ केला आणि परलोक विसरले, त्यांना ती ताकीद आहे. बालकाच्या धावण्याबागडण्यावर तो आक्षेप नाही. सूरह यूसुफ पाहा. भावांनी लहानग्या यूसुफ (अलै.) यांना खेळण्या-बागडण्यासाठी बरोबर पाठविण्याची विनंती केली, तेव्हा हजरत याकूब (अलै.) यांनी खेळाला हरकत घेतली नाही, त्यांना भीती होती ती लांडग्याची आणि भावांच्या निष्काळजीपणाची. पित्याची काळजी अशी असावी. खेळ बंद करणारी नव्हे, तर मूल कोणाच्या सोबतीत खेळते हे पाहणारी.

इमाम गझाली (रह.) यांनी सुमारे 900 वर्षांपूर्वी मुलांच्या संगोपनाविषयी लिहिताना बजावले आहे की, मकतबातून सुटल्यावर बालकाला चांगला खेळ खेळू द्यावा, त्याला खेळू न देता सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते आणि बुद्धी मंदावते. एवढा थोर विद्वान हे सांगतो, तेव्हा आम्ही मकतब चालविणाऱ्यांनी हा उपदेश सर्वप्रथम स्वतःला लागू केला पाहिजे.

प्रेषितांच्या (सल्ल.) मदीनेत शर्यती होत असत. सहीह बुखारीत घोड्यांच्या शर्यतीचा वृत्तांत आहे. सराव झालेल्या घोड्यांसाठी पाच-सहा मैलांचे अंतर ठरविले होते आणि सराव नसलेल्यांसाठी सुमारे एक मैलाचे. प्रत्येकाला त्याच्या ताकदीप्रमाणे पल्ला, हे तत्त्व आजच्या क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनीही ध्यानात घ्यावे. स्थूल किंवा अशक्त मुलाला पहिल्याच दिवशी इतरांबरोबर पळवून त्याचे हसे करू नये. त्याचा पल्ला लहान ठेवावा, पण त्याला मैदानाबाहेर बसवू नये.

हार कशी पचवावी, हेही त्याच मैदानावर शिकविले गेले. प्रेषितांची (सल्ल.) 'अज्बा' नावाची सांडणी शर्यतीत कधी मागे पडत नसे. एके दिवशी एका ग्रामीण अरबाचा तरुण उंट तिच्या पुढे निघून गेला. सहाबांना (रजि.) वाईट वाटले. प्रेषितांनी (सल्ल.) मात्र समजाविले की जगात जे उंचावते, त्याला अल्लाह खालीही आणतो. परीक्षेत दोन गुण कमी पडले म्हणून कोलमडून जाणाऱ्या आपल्या मुलांना हा धडा पुस्तकातून मिळणे कठीण. खो-खोच्या एका हरलेल्या डावातून तो सहज मिळतो.

आता मुलींविषयी. आपल्या घरांत मुलगी बारा वर्षांची झाली की तिचे खेळणे आपोआप संपते. कोणी मनाई करीत नाही. फक्त तिच्यासाठी जागा, वेळ आणि सोबत उरत नाही. वास्तविक वाढीच्या याच वयात हाडांना बळकटी मिळते. प्रवासात प्रेषितांनी (सल्ल.) हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली व त्या जिंकल्या, पुढे दुसऱ्या शर्यतीत ते जिंकले आणि हसत हसत म्हणाले की ही त्या हरण्याची फेड झाली. लज्जा आणि पडदा यांचे पालन अनिवार्य आहे, यात शंका नाही. परंतु त्यांच्या नावाखाली मुलीच्या देहाचा हक्क बुडविणे हे दीनचे पालन नव्हे. अंगभर पोशाख, शिक्षिकेची देखरेख, मुलींसाठी स्वतंत्र वेळ यांची मागणी पालकांनी शाळेकडे एकत्रितपणे करावी. घराच्या गच्चीवर दोरीवरच्या उड्यांना तर कोणाच्या परवानगीची गरज नाही.

अर्थात मर्यादाही आहेत. नमाजची वेळ झाली की खेळ थांबेल. पोशाख सतर झाकणारा असेल. शिवीगाळ, मारामारी आणि पैजा यांना थारा नसेल. मोबाइलवर संघ निवडून पैसे लावणे हा खेळ नव्हे, तो जुगार आहे आणि जुगार हराम आहे.

प्रत्येक कुटुंबाने आजपासून एवढे करावे: असर ते मगरिब हा वेळ शक्यतो मुलांच्या खेळासाठी राखावा. मकतबची वेळ त्याआड येत असेल, तर मशिदीच्या विश्वस्तांनी व इमामांनी विचारविनिमय करून ती बदलावी. शाळा व मशीद जवळ असल्यास मुलांनी चालत जावे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळेला मैदान असणे आवश्यक आहे. पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर मैदानाचीही चौकशी करावी. आणि वडिलांनी आठवड्यातून एकदा तरी स्वतः मुलांबरोबर मैदानात उतरावे. ज्यांच्या पाठीवर सज्द्यात नातू चढून बसला असता त्याचे मन भरेपर्यंत सज्दा लांबविला गेला, त्या प्रेषितांचे (सल्ल.) आपण अनुयायी आहोत.

हे अल्लाह! आमच्या मुलामुलींना निरोगी देह, निर्मळ मन आणि लाभदायक ज्ञान दे. त्यांचे बळ दुर्बलांच्या मदतीसाठी कामी येऊ दे. या अमानतीचा हिशेब तुझ्यापुढे देताना आम्हाला लज्जित करू नकोस. आमीन.