तुमच्यावर कोणाचा प्रभाव?



जयंतीच्या कार्यक्रमात आपण कवी, गायक, चित्रकार यांच्या मुलाखती घेतो. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे? उत्तरही ठरलेले असते: बाबासाहेबांचा. उत्तर खरेच आहे. पण तेवढे पुरते का?

हाच प्रश्न बाबासाहेबांनाही विचारला जात असे. बौद्ध धम्माकडे तुम्ही कसे वळलात? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी त्याचे उत्तर दिले आहे. लहानपणी झालेल्या सत्कारसभेत दादा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तिथून सुरुवात झाली. ते वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले, तुम्ही आम्हाला बौद्ध साहित्य का दिले नाहीत? रामायण-महाभारतच का वाचायला लावलेत? रामजींच्या उत्तरात तथ्य आहे हे त्यांनी मान्य केले, पण त्यांचे समाधान झाले नाही. हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले.

इथे आपल्याला एक गोष्ट शिकता येते. ऋण मान्य करणे म्हणजे मत गहाण ठेवणे नव्हे. 'अत्त दीप भव' म्हणताना आपण कधी कधी 'मी स्वतःच्या बळावर घडलो' असे समजतो. पण कारणाशिवाय काहीच उत्पन्न होत नाही, हे प्रतीत्यसमुत्पाद सांगतो. मग माणूस तरी एकट्याने कसा घडेल? मंगल सुत्तात कृतज्ञता हे मंगल मानले आहे. आधी उपकार करणारा आणि केलेले उपकार जाणणारा, ही दोन माणसे जगात दुर्मिळ असतात, असे अंगुत्तर निकाय सांगतो.

त्याच प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आजारपणात आपल्याला जगवल्याबद्दल पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले आहे. 1957 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. त्यामागच्या कारणांचा वाद इथे नको. पण त्यांनी स्वतः मानलेले ऋण अनेक वर्षे वाचकांपर्यंत पोहोचले नाही. एखादे नाव आपल्याला रुचत नाही म्हणून दुसऱ्याची कृतज्ञता आपण झाकून ठेवू शकतो का? मला वाटते, नाही. तो आपला अधिकार नाही. मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण घेतो. जाणूनबुजून नाव गाळणे मला त्या शीलाच्या सीमेवरचे वाटते.

म्हणून पुढच्या वेळी पाहुण्या कवीला आणखी एक प्रश्न विचारा: बाबासाहेबांचे पहिले पुस्तक तुमच्या हातात कोणी दिले?

आणि तोच प्रश्न स्वतःलाही विचारा. परदेशातल्या पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला खोलीत जागा कोणी दिली? विमानाच्या तिकिटासाठी कोणत्या आत्याने पाटल्या मोडल्या? त्यांच्याशी आज तुमचे पटत नसेलही. तरी मुलांना त्यांचे नाव सांगा.

नमो बुद्धाय. जय भीम.