परवानगी मिळाली म्हणजे दोष फिटला काय?



डोंगरपट्टीतील शेतकरी पावसाळ्यापूर्वी राब भाजतो. शेत त्याचे, तोडलेले कवळही त्याचेच. राब भाजण्यास त्यास कोणाची मनाई नाही. तथापि वारा फिरला आणि विस्तव बांध ओलांडून शेजाऱ्याच्या गंजीस लागला, तर "मी माझ्याच शेतात जाळीत होतो" एवढे सांगून तो सुटेल काय? गावातील शहाणी माणसे त्यास सोडणार नाहीत. विस्तव आपल्या हद्दीत लावला हे खरे. पण वारा हद्द मानीत नाही, हे त्यास आधीपासून ठाऊक होते.

हाच प्रश्न मोठ्या रूपाने मुंबईच्या उपनगरांत उभा राहिला आहे. चेंबूरजवळ खाडीकाठी माहुल हे कोळी लोकांचे जुने गाव आहे. त्याच्या शेजारी १९५४ व १९५५ साली खनिज तेल शुद्ध करण्याचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. ते आज हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ह्या सरकारी कंपन्यांकडे आहेत. पुढे तेथे तेल व रसायने साठविण्याच्या टाक्याही वाढल्या. टाकीतून टँकरमध्ये तेल भरताना आत कोंडलेली वाफ बाहेर ढकलली जाते. तीत बेंझीनसारखे विषारी पदार्थ असतात, आणि बेंझीनमुळे कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्रास चांगले माहीत आहे. ती वाफ पकडून परत टाकीत नेणारी यंत्रेही निघालेली आहेत. तेव्हा उपाय नव्हता असे कोणास म्हणता येणार नाही; उपायास पैसा लागतो, एवढेच.

केईएम रुग्णालयाने २०१३ साली केलेल्या पाहणीत माहुल व आंबापाडा येथील निम्म्याहून अधिक लोकांनी दम लागत असल्याचे सांगितले. गावकऱ्यांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि तेथील हवेने रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे असे न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये नमूद केले. इतके होऊनही, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर घाटकोपर, विद्याविहार इत्यादी ठिकाणच्या कुटुंबांस २०१७ पासून ह्याच माहुलच्या इमारतींत पाठविण्यात आले. ऑगस्ट २०१८ मध्ये भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास सांगावे लागले की, ज्यांची इच्छा नाही त्यांस माहुल येथे पाठवू नये. त्यांस भाड्यासाठी दरमहा १५,००० रुपये द्यावे.

आता विचार करा. झोपड्या हटविण्यास न्यायालयाचा हुकूम होता. कारखान्यास परवाना होता. इमारतींसही मंजुरी होती. प्रत्येक कागदावर सही होती, आणि तरी मुलांचा खोकला थांबत नव्हता. ह्यावरून दिसते की, परवाना हा मनुष्यास दंडापासून वाचवितो, दोषापासून नव्हे. परवाना एवढेच सांगतो की, अमुक गोष्ट करण्यास सरकारची हरकत नाही. शेजाऱ्याची हानी होते किंवा नाही, हे पाहण्याचे काम त्या कागदाने कर्त्याच्या डोक्यावरून उतरत नाही.

येथे कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, तुमच्या घरीही गॅसची टाकी आहे. प्रत्येक गाव नको म्हणाले, तर चूल कशावर पेटवावी?" ही शंका खरी आहे व ती झटकून टाकणे योग्य नाही. धुराने डोळे चुरचुरत चुलीपुढे बसणाऱ्या आपल्या आयाबहिणींस त्या टाकीने केवढी सुटका दिली, हे खेड्यातील मनुष्यास सांगावे लागत नाही. परंतु ह्यातून निघणारा निष्कर्ष वेगळाच आहे. आपला धूर गेला आणि तो दुसऱ्याच्या दारी जाऊन बसला, तर आपण त्याचे देणेकरी झालो. वाफ पकडणाऱ्या यंत्राचा खर्च तेलाच्या किमतीत थोडा चढला, तर तो आपण कुरकुर न करता सोसला पाहिजे. स्वस्ताई ही पुष्कळदा दुसऱ्याने भरलेली किंमत असते.

मग निर्णय कोणी करावा? अमेरिकेत खडकात पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने घालून तो फोडतात व त्यातून वायू काढतात. ह्याने भूजल बिघडण्याचे भय असते, आणि वापरलेले दूषित पाणी जमिनीत खोल सोडल्याने भूकंपाचे धक्केही बसले आहेत. टेक्सस प्रांतातील डेंटन शहराच्या रहिवाशांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान करून आपल्या हद्दीत हे काम बंद केले. पण मे २०१५ मध्ये प्रांताच्या सरकारने कायदा करून तशी बंदी घालण्याचा नगराचा अधिकारच काढून घेतला. आपल्या देशातही २०१३ साली सरकारने अशा खडकातील वायू शोधण्याचे धोरण ठरविले. म्हणून हा प्रश्न दूरचा समजू नये.

आमच्या मते, देशाच्या गरजेचे प्रत्येक काम अडविण्याचा हक्क एकट्या गावास असावा असे नाही. पण तीन गोष्टी गावाच्या हक्काच्या आहेत: काम सुरू होण्यापूर्वी खरे काय ते कळावे, हवा व पाणी तपासणारा मनुष्य त्या कामाच्या नफ्यात वाटेकरी नसावा, आणि हानी झाल्यास ज्याने नफा घेतला त्यानेच ती भरून द्यावी. ह्यांपैकी एकही नसेल, तेथे गावाने नाही म्हणणे हा हट्ट नव्हे, कर्तव्य होय.

सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पुष्कळ मोठ्या कामांपूर्वी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तिची नोटीस निदान तीस दिवस आधी निघते व कामाच्या परिणामांचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. असा कागद तालुक्यास आला, तर ज्यांस वाचता येते त्यांनी तो चावडीवर बसून इतरांस वाचून दाखवावा. ज्यांस दम लागेल, ते बहुधा वाचू न शकणारेच असतात.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या विहिरीकडेही पाहावे. औषधफवारणीचा पंप तिच्या काठावर धुणारा आणि माहुलच्या हवेत वाफ सोडणारा, ह्या दोघांत अंतर आहे ते पैशाचे. न्यायाच्या दृष्टीने दोघांस प्रश्न एकच विचारला जाईल: बांधापलीकडे कोण राहतो, हे तुला ठाऊक नव्हते काय?